तीन मिनिटं पुढे असलेलं घड्याळ

दोस्तांनो, तुमच्या घरातलं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे लावलेलं आहे का? आमच्याकडे होतं. शाळेची बस चुकू नये म्हणून आईने ही युक्ती केली होती. अशी युक्ती फक्त आयांनाच सुचते, असं मला वाटायचं. पण स्कॉटलंडच्या राजधानीत मी ती चक्क भर रस्त्यात पाहिली!

या शहराचं नाव नकाशात ‘एडिंबर्ग’ असं वाचाल, पण तिथले लोक ‘एडिंबरा’ म्हणतात. वेव्हर्ली स्टेशनच्या डोक्यावर एक भलंमोठं हॉटेल आहे, १९०२ साली उघडलेलं. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात. का? तर लोकांची आगगाडी चुकू नये म्हणून!

मी तिथे भूशास्त्र शिकायला गेले होते. भूशास्त्र म्हणजे दगडांचा अभ्यास, बरं का. आणि दगडांसाठी या शहरासारखं गाव नाही. गावातच आर्थर्स सीट नावाची टेकडी आहे. उंची फक्त २५१ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापुढे अगदी बच्चा! पण ती आहे एका विझलेल्या ज्वालामुखीचा उरलेला भाग, सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही लाव्हाचाच, पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे ही बुटकी टेकडी सह्याद्रीची पणजी शोभेल.

आता माझी फजिती ऐका. तिथे आठवड्यात तास थोडेच असतात. वही तपासत नाहीत, घटक चाचणी नाही, ‘अभ्यासाला बस’ म्हणून कुणी ओरडत नाही. सत्राच्या शेवटी मोठे निबंध द्यायचे, बस्स! सुरुवातीला मला वाटलं, काय मज्जा आहे! पहिल्या निबंधाला पाच आठवडे होते. मी वेळापत्रक केलं, ते चार रंगांनी रंगवलं. मग पेनं आणली. मग खोली आवरली. एके दिवशी तर निबंध सोडून मी डब्यातल्या तुरीच्या डाळीतले खडे निवडले, आणि डाळीत खडे नव्हतेच! आळशी माणूस लोळत असतो असं आपल्याला वाटतं. छे! मी दिवसभर कामात असायचे. फक्त ते एक काम सोडून.

मलाही घड्याळाची युक्ती आठवली. मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. काय उपयोग? वजाबाकी आपल्याला येतेच की! त्यातून तिथला हिवाळा. डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या आतच मावळतो. अंधार पडला की मी म्हणायचे, ‘आजचा दिवस तर संपलाच, आता उद्या.’

आणि रविवारी बाबांचा फोन. ‘अभ्यास कसा चाललाय?’ ‘छान चाललाय, बाबा.’ बाबांनी माझ्यासाठी बँकेचं कर्ज काढलं होतं. फोन ठेवला की पोटात गोळा यायचा. मग तो विसरायला मी पुन्हा काहीतरी आवरायला घ्यायचे.

पहिला निबंध दोन दिवस उशिरा गेला. तिथे उशीर झाला की दर दिवसामागे गुण कापतात. माझेही कापले.

त्यानंतरच्या सोमवारी मी रस्त्याने उगाच भटकत होते. अचानक धडाम्! मी दचकून भिंतीला टेकले. शेजारच्या आजोबांनी मात्र शांतपणे मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि पुढे चालू लागले. ती होती एक वाजताची तोफ! किल्ल्यावरून ती १८६१ पासून उडवतात. त्याआधी, १८५२ साली, काल्टन टेकडीवरच्या मनोऱ्यावर एक मोठा गोळा बसवला होता. बरोबर एकला तो खाली पडायचा, आणि लीथ बंदरातले खलाशी तो पाहून जहाजावरची घड्याळं लावायचे. पण धुकं आलं की गोळा दिसणार कसा? म्हणून मग तोफ. आता खलाशांना तिची गरज नाही, तरी रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून ती रोज उडते. बाराला का नाही? गावकरी गमतीने सांगतात, बाराला बारा बार काढावे लागतील, एकला एकातच भागतं!

मी ठरवलं, निबंध पुरा करायचाच नाही. फक्त तोफ होईपर्यंत बसायचं. वाईट लिहिलं तरी चालेल, पण डाळ निवडायची नाही. तोफ झाली की सुट्टी. वर्गातली एक नायजेरियन मुलगीही माझ्यासारखीच होती. वाचनालयात आम्ही समोरासमोर बसायचो. माझा फोन तिच्याकडे, तिचा माझ्याकडे. पहिल्या दिवशी माझ्या सहा ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या चार खोडल्या.

दुसरा निबंध होता जेम्स हटन यांच्यावर. हे एडिंबराचेच. पृथ्वी लोक समजतात त्याहून फार फार जुनी आहे, असं त्यांनी १७८५ साली विद्वानांच्या सभेत मांडलं. त्यांचा पुरावा सॅलिसबरी क्रॅग्जच्या कड्यात आजही दिसतो. वितळलेला खडक थरांच्या दगडात घुसलाय आणि त्याने थर उचकटलेत. हा कडा वाचनालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि मी दोन आठवडे त्याची नुसती चित्रं बघत होते! एका दुपारी, तोफ झाल्यावर, अंधाराच्या आत तिथे गेले. दगडाला हात लावला. बर्फासारखा गार! खोलीवर परतल्यावर दोन पानं एका बैठकीत झाली.

तिथे एक वाजतो तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे साडेसहा वाजतात, दिवेलागण. एका दुपारी तोफ झाली आणि मीच बाबांना फोन केला. उशिराचा निबंध, कापलेले गुण, ‘छान चाललाय’ हे खोटं, सगळं सांगून टाकलं. पलीकडे काही क्षण शांतता. मग बाबा म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंस. जेवलीस का?’

दुसरा निबंध वेळेच्या आदल्या संध्याकाळी गेला. तो काही फार थोर नव्हता, पण गेला.

३१ डिसेंबरच्या रात्री आम्ही दोघी हॉटेलच्या त्या मनोऱ्याखाली गर्दीत उभ्या होतो. वर्षात फक्त याच रात्री ते घड्याळ बरोबर वेळ दाखवतं, नाहीतर नवं वर्ष तीन मिनिटं आधीच यायचं! थंडीने बोटं वळत नव्हती. तरी मी हातमोजा काढला आणि मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं मागे केलं.