सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो. जमीन कुणाची, तिच्यावर बोजा किती, इतर हक्क कुणाचे, हे सातमध्ये. कोणत्या हंगामात काय पेरलं, हे बारामध्ये. निंदण कुणी केलं, कापूस कुणी वेचला, हे लिहायला त्यात रकाना नाही. नाचणगावच्या एका शेतकरी बाईचं सगळं आयुष्य या कागदाच्या आतबाहेर करण्यात गेलं आहे.

तिचं माहेर आर्वीकडचं. वडिलांना अक्षरओळख नव्हती, म्हणून दर उन्हाळ्याच्या अखेरीस सोसायटीच्या पीककर्जासाठी उतारा आणला की चौथीतली ही पोर तो मोठ्याने वाचून दाखवायची. आजोबांचं नाव, मग वडिलांचं, काकांचं. पहाटे सगळ्यांच्या आधी वावरात जाणाऱ्या आजीचं नाव कुठेच नसायचं. तिने विचारलं तेव्हा आजी म्हणाली, "आपल्याले काय करायचं हाये नावाचं?" आजीला त्यात खरोखरच काही खटकत नव्हतं, आणि पोरीला नेमकं तेच खटकलं.

१९८८ मध्ये लग्न होऊन ती नाचणगावात आली. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातलं, पुलगावला अगदी लागून असलेलं हे गाव. पुलगावात लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार, कापडाची जुनी गिरणी, मुंबई-हावडा मार्गावरचं रेल्वे स्टेशन. पुरुषांना डेपो, गिरणी, रेल्वे, बाजार असे चार रस्ते खुले होते. बायांचा एकच रस्ता, वावराचा.

वेचणी ज्याने केली नाही त्याला कापूस मऊ वाटतो. सकाळी दव उतरलं की कंबरेला ओटी बांधून बाया तासाला लागतात. फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचत राहतात, संध्याकाळी भाकरीच्या पिठात हात घातला की चरचरतात. पराटीची उंची अशी, की सरळ उभं राहून काम होत नाही आणि खाली बसूनही होत नाही. वेचलेला कापूस बंडीत भरला, की बंडी हाकायला मात्र घरातला पुरुष येई. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. केंद्रावर माप व्हायचं, ग्रेड लागायची आणि चुकारा निघायचा तो सातबारा ज्याच्या नावाचा त्याच्या नावाने. ज्या बोटांनी कापूस वेचला त्या बोटांना पैसे मागून घ्यावे लागत.

मजुरीतही तसंच. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. त्यात म्हटलं होतं, सारख्या कामाला सारखा मोबदला. गावाने त्यावर फार पूर्वीच तोड काढून ठेवली होती: कामं सारखी राहूच द्यायची नाहीत. वखरणी, डवरणी, फवारणी पुरुषांची. निंदण आणि वेचणी बायांची. मग रोजी वेगळी ठेवायला कुणाची आडकाठी? तिने हा मुद्दा काढला की उत्तर ठरलेलं असे, पुरुषाचं काम जड असते. दिवसभर वाकून राहणाऱ्या पाठीचं वजन कुणी करत नाही. शिवाय बैलाचा कासरा किंवा फवारणीचा पंप बाईच्या हाती फारसा दिला जात नाही. मग त्या कामाचा जास्तीचा दाम तिने मागायचा तरी कसा?

ही तक्रार विदर्भाला नवी नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं आणि जे दोष बायकांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत का, असा खडा सवाल केला. जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बाकीच्यांनी पुस्तक विस्मरणात टाकलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणलं. मधली नव्वदावर वर्षं तो सवाल तसाच पडून होता. पुरुषांच्या सवलतीवरचा वाद असाच टाळला जातो. त्याला उत्तर देत बसत नाहीत, वाद घालणारीलाच कानाआड करतात.

शेतकरी संघटनेने हा विषय घरापासून सुरू केला. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं. त्यातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली: शेतकऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करावी, ज्या गावात शंभर जण असं करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. पाठोपाठ १९९२ मध्ये सरकारचंही परिपत्रक निघालं, की नवऱ्याने साधा अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागेल. नाचणगावात तिच्या नवऱ्याच्या कानावर हे आलं होतं. तो भला माणूस, हात उगारणारा नव्हे, दारू पिणारा नव्हे. तो म्हणाला, "माह्यं हाये ते तुहंच हाये नं, मंग कागद कशाले?" तुझं-माझं एकच असेल तर कागदावर तिचं नाव लिहायला अडचण काय, हे तिने विचारलं. अर्ज काही झाला नाही. वाईट वागणाऱ्या पुरुषाशी भांडता येतं. चांगल्या नवऱ्याच्या या वाक्याशी कसं भांडावं, हे तिला उमगेना.

माहेरचं वेगळंच. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ती सहा वर्षांनी हुकली. १९९९ मध्ये वडील गेले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात ती वारस होतीच, वारस म्हणून तिचं नाव चढलंही. वर्षाच्या आत भावांनी हक्कसोडपत्राचे कागद पुढे केले. सही केली नाही तर माहेर तुटेल, असं कुणी तोंडाने म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. तिने सही केली, साडीचोळी घेतली आणि परतीच्या एसटीत बसली.

९ सप्टेंबर २००५ ला देशभरच्या कायद्यात दुरुस्ती होऊन लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं, की हा हक्क जन्माने येतो, २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. कायदा पुढे सरकत राहिला. तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र जागच्या जागी राहिलं.

मधल्या वर्षांत वर्धा जिल्ह्याने शेतकरी आत्महत्या पाहिल्या. नाव नसणं काय असतं, ते तेव्हा घराघरात कळलं. सरकारची एक लाखाची मदत, बँकेचं कर्ज, पीक विमा, सगळीकडे पहिला प्रश्न जमिनीचा. जमीन अजून सासऱ्याच्याच नावावर अडकलेली असेल तर विधवेने दाखवायचं काय? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ बायांशी बोलून पाहणी केली. सुमारे ४० टक्के जणींच्या नावावर त्या कसत असलेली जमीन तोवर झालेली नव्हती. देशपातळीवर, २०१५-१६ च्या कृषिगणनेत, वहिवाटदारांमध्ये बायांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं. शेतात राबणाऱ्यांत त्यांचं प्रमाण किती, हे कोणत्याही बांधावर उभं राहून दिसतं.

आणि हे सगळं अशा जिल्ह्यात, जिथे सार्वजनिक जीवनात बाई दिसत नाही असं म्हणायची सोय नाही. पुलगावच्या आमदार प्रभा राव १९९९ मध्ये वर्ध्याच्या खासदार झाल्या, पुढे राज्यपाल झाल्या. शेतकरी संघटनेच्या सरोज काशीकर १९९० मध्ये विधानसभेत गेल्या. १९९३ पासून पंचायतीत एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायांच्या आहेत. तरी किती गावांत सरपंचबाई खुर्चीवर आणि बोलणारा नवरा शेजारी! घरी जिच्या नावे गुंठाभर जमीन नाही, तिच्या शब्दाला ग्रामसभेत कुणी किती किंमत द्यावी, हे घरातच ठरून आलेलं असतं.

२०१६ मध्ये तिचा नवरा आजाराने गेला. मग तिचं नाव सातबाऱ्यावर आलं, खाली मुलाचं आणि मुलीचं. अठ्ठावीस वर्षं त्या जमिनीत राबली तेव्हा न मिळालेलं नाव कुंकू पुसल्यावर मिळालं, हे ती आजही कडवटपणे सांगते. वर्षभरात मुलाच्या मित्रांनी सल्ला दिला, ताईकडून हक्कसोड करून घे. मुलगा घरी बोलला, "ताई का पुण्याहून वावर वाहायला येणार हाये?" ती म्हणाली, "तू डेपोत नोकरीले हाये, तू कुठं वाह्यतं? तुहं नाव काढू का?" मुलगा गप्प राहिला नाही. पुढचे कित्येक महिने वाद चालला. खर्च कोण करणार, उद्या विकायची वेळ आली तर सही कुणाकुणाची घ्यायची, असे त्याचे प्रश्नही खरेच होते. तिने प्रत्येकाला उत्तर दिलं आणि मुलीचं नाव हलू दिलं नाही.

आता पीककर्जाचा अर्ज तिच्या सहीने जातो. हंगामात मोबाइलवर ई-पीक पाहणी ती स्वतः भरते. तिच्या बचत गटातल्या बायांनी आपापल्या शेताचे उतारे काढून आणायचे ठरवले आहेत. पुढच्या चावडी वाचनाला तलाठी नावं वाचतील तेव्हा त्या पुढच्या रांगेत बसणार आहेत, आणि जिचा नवरा तयार होईल तिचा लक्ष्मीमुक्तीचा अर्ज तिथल्या तिथे द्यायचा आहे. अर्जाचा मसुदा मुलीने पुण्याहून पाठवला आहे. पहिला अर्ज सुनेचं नाव लावण्याचा. त्यावर मुलाने सही केलेली आहे.