उंबरखिंड

खोपोलीहून पालीकडे निघालं की शेमडीपाशी चावणीचा फाटा लागतो. चावणीच्या पुढे, अंबा नदीच्या पात्राला खेटून, खालापूर तालुक्यातली ही खिंड बसली आहे. दिसायला अगदी साधी. बुरूज नाही, दरवाजा नाही, तोफ तर नाहीच. दोन्ही अंगांना झाडीचे डोंगर आणि मधून दगडगोट्यांची वाट. 'समरभूमी'चं स्मारक नसतं, तर नवखा माणूस इथून शीळ घालत निघून गेला असता.

स्वभावाने ती शांत. पण मोठेपणा तिला खपत नाही. वीस हजारांचं लष्कर तिच्या तोंडाशी आलं की ती त्याला रेशनच्या रांगेत उभं करते: एकामागे एक, धक्काबुक्की चालणार नाही. हत्ती, घोडे, तंबू, खजिना, सगळ्यांना तोच नियम. आत शिरल्यावर सेनापतीपाशी लढायला उरतात ते फक्त त्याच्या पुढचे आणि मागचे दोघे.

सवंगड्यांची टोळी घेऊन खेळायच्या काही संगणकीय खेळांत याच्या उलट कायदा असतो. टोळी तगडी झाली की शत्रूही तगडा होतो. 1999 च्या 'फायनल फँटसी 8'मध्ये शत्रूची पातळी टोळीच्या सरासरी पातळीवरून ठरते, म्हणून नुसती पातळी वाढवत बसणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. खिंड शत्रूला फुगवण्याच्या भानगडीत पडत नाही. आत येणाऱ्यालाच ती लहान करते.

फेब्रुवारी 1661 मध्ये हे मुघल सरदार कारतलबखानाला कळलं. पुण्यात तळ देऊन बसलेल्या शाइस्ताखानाने त्याला कोकणात धाडलं होतं. बोरघाटाची रुळलेली वाट सोडून तो लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने उतरला. शिवाजी महाराज गाफील सापडतील, हा हिशेब. प्रत्यक्षात मराठे झाडीत आधीच दबा धरून होते. लष्कर खिंडीत पुरतं उतरेपर्यंत खिंड गप्प राहिली. मग पुढची वाट अडली, मागची अडली आणि दोन्ही बाजूंनी मारा सुरू झाला. तहानेने माणसं कासावीस झाली. संख्या जितकी जास्त, तितकी चेंगराचेंगर जास्त.

खिंडीच्या स्वभावाची दुसरी बाजू इथे दिसते. खेळात किरकोळ लढाईतून पळता येतं. मुख्य शत्रूसमोर मात्र 'पळा' हे बटण बहुधा चालत नाही. जिंका, नाहीतर मरा आणि जुन्या नोंदीपासून पुन्हा सुरू करा. खिंडीने पळण्याची वाट बंद केली, पण अभय मागण्याची वाट उघडी ठेवली. ती सगळ्यांत आधी ओळखली खानाबरोबर आलेल्या रायबाघनने. माहूरच्या देशमुख घराण्यातली ही सावित्रीबाई स्वतः लष्कर चालवणारी. इथे लढत राहणं म्हणजे माणसं वाया घालवणं, हे तिने खानाला स्पष्ट सांगितलं. वकील गेला, अभय मागितलं गेलं. महाराजांनी ते दिलं, किंमत लावून: खजिना आणि सामानसुमान इथेच ठेवायचं, जीव घेऊन परत जायचं.

हा सौदा दोघांच्याही कामाचा होता. खानाची उरलेली माणसं वाचली. महाराजांना आपली मोजकी माणसं शेवटच्या शत्रूपर्यंत झिजवावी लागली नाहीत, आणि पुण्याच्या छावणीला पराभवाची बातमी सांगायला खुद्द हरलेलेच परत गेले. फुकटची माघार लढाईची धार घालवते आणि माघारच नसेल तर लढाईची कत्तल होते. किंमत मोजून मिळणारी माघार मात्र दोन्ही बाजूंना विचार करायला लावते.

आपण इथे विजयाचा दिवस साजरा करतो, तो करावाच. पण रायबाघनला नुसतं हरलेल्यांच्या यादीत ढकलू नये. अडकलेल्या टोळीतला सर्वांत शहाणा खेळाडू तीच होती. आणि संगणकीय खेळ बनवायला बसलेल्या मराठी मुलामुलींनो, लढाईचा नकाशा आखण्याआधी एकदा चावणीला जा. शत्रूची पातळी वाढवण्यापेक्षा वाट अरुंद करा, आणि बाहेर पडायचं दार ठेवा. फक्त त्याचा दर चढा असू द्या.