अहेरीच्या वाटेवर आठवलेल्या जाईबाई

बल्लारपूरहून एस.टी. निघाली की गोंडपिपरी, मग वैनगंगेचा पूल, आष्टी आणि पुढे चपराळ्याचे जंगल. आलापल्लीला साग इतका उंच, की खिडकीतून मान बाहेर काढावी लागते. तिथून अहेरी जवळच. प्राणहितेपलीकडे तेलंगणा. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया सगळ्या बोली एकाच दुकानावर ऐकू येतात.

मी धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. भाची बी.ए. झाली, आता बी.एड. करायचे म्हणते. जावई नाराज. "२०१५ पासून बी.एड.ले दोन वर्सं लागतेत. वरून टी.ई.टी. एवढं करून नोकरी कोठी हाये, भाऊ?" प्रश्न खोटा नाही. मी गप्प बसलो.

भाची म्हणाली, "मामाजी, मी टोल्यावर शिकवणी घेत होती. एक माडिया लेकरू दिवसभर तोंडच उघडे ना. मी त्याच्या बोलीत इचारलं, जेवला का? तवापासून माह्याच जवळ बसे."

तिला मी जाईबाई चौधरींची गोष्ट सांगितली. १८९२ साली उमरेडला जन्मलेली ही महार समाजातली बाई नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावर ओझी वाहायची. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी तिला शाळेत शिक्षिका केले. पगार महिना चार रुपये! पण अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच लोकांनी मुले पाठवणे बंद केले. नोकरी गेली. तरी १९२२ साली जाईबाईंनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. आपल्या मुलींना आपली बाई मिळाली.

दूर रशियातही असेच घडले. विद्यापीठाची दारे बंद, म्हणून १८७८ साली सेंट पीटर्सबर्गला बायकांसाठी वेगळे उच्च शिक्षणाचे वर्ग निघाले. बेस्तुझेव्ह वर्ग म्हणतात ते हेच. त्यांतून पुष्कळ शिक्षिका तयार झाल्या. मला मात्र त्याहून सिंबिर्स्कची शाळा मोठी वाटते. व्होल्गाकाठच्या चुवाश लोकांची भाषा वेगळी. त्यांच्यातल्याच इव्हान याकोव्लेव्ह या तरुणाने १८६८ साली शाळा काढली. लेनिनचे वडील तेव्हा शिक्षणखात्यात होते, त्यांनी पाठबळ दिले. चुवाश पोरेच शिक्षक होऊन गावी परतली. पुढे मुलीही शिकल्या.

जावई ऐकत होते. "म्हंजे बोली येते तोच मास्तर पाहिजे म्हना," एवढेच बोलले. बहीण चुलीपुढून उठलीच नाही, पण कान इकडेच होते.

सकाळी जावई मला सोडायला स्टँडवर आले. माझी गाडी लागली होती. ते खिडकीशी उभ्या कंट्रोलरला विचारत होते, गडचिरोलीची पहिली गाडी किती वाजता सुटते?