दहा तासांची सकाळ

कुर्ल्याच्या आमच्या चाळीवरून तीस वर्षे विमाने गेली. मुंबईत उतरणारी विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून खाली येतात, हे त्या बाजूला राहणाऱ्या वाचकांना सांगायला नको. चाके बाहेर काढलेली, दिवे लागलेले. विमान आले की आम्ही बोलणे थांबवायचो आणि ते गेले की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचो. पण त्या पोटात बसलेली माणसे आत काय करत असतील, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

2023 च्या मे महिन्यात आम्ही स्वतःच त्या पोटात बसलो. मी, आमचे मालक, मुलगा, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात. लंडनला दहा दिवस फिरायला. "नुसतं फिरायला?" शेजारीण म्हणाली. तिचे काही चुकले नाही. आपल्यातले कुणी परदेशी गेले तर शिकायला, नोकरीला, फार तर लेकीच्या बाळंतपणाला. नुसते फिरायला जायचे म्हणजे मलाही चोरट्यासारखे वाटत होते. त्या पैशात घराची फरशी झाली असती. मी तसे बोलूनही दाखवले. मुलगा म्हणाला, "आई, फरशी पुढच्या वर्षी होईल. तुमचे गुडघे पुढच्या वर्षी असे राहतील का?" यावर काय बोलणार!

लंडन कसे आहे हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते त्या दहा तासांबद्दल, कारण परत आल्यापासून बायका मला तेच विचारतात. इतका वेळ बसून केलंत तरी काय?

मी एकतीस वर्षे रुग्णालयात आया होते. रात्रपाळीला स्टुलावर बसून रात्र काढायची सवय आहे, असे मी घरात ऐटीत सांगितले होते. पण त्या बसण्यात दर दहा मिनिटांनी कुणीतरी "मावशी" म्हणून हाक मारायचे. इथे हाक मारणारे कुणी नाही. गोधडीचे ठिगळ घेतले होते, पण सुईदोरा आणि कात्री सूनबाईने आधीच मोठ्या बॅगेत टाकली, आणि ती बॅग गेली विमानाच्या पोटात. हात रिकामे. पट्टा बांधून मी हात मांडीवर ठेवले आणि मला कळेना की यांचे आता काय करावे.

विमान सकाळी साडेसहाच्या सुमारास उडाले. उडताना ते समुद्राच्या बाजूने जाते, म्हणून आमची चाळ काही दिसली नाही. नात हिरमुसली. मी तिला खडीसाखर दिली. कानाला दडे बसतात तेव्हा काहीतरी चघळावे, गिळावे, म्हणजे कान मोकळे होतात. जांभईनेही होतात.

समोरच्या पाठीवर छोटा टीव्ही असतो. नातीने त्यावर कार्टून लावले. मला सिनेमा बघवेना, म्हणून मी नकाशा लावून घेतला आणि शेवटपर्यंत बदलला नाही. छोटे पांढरे विमान, खाली अरबी समुद्र, मग इराण, तुर्कस्तान, काळा समुद्र. बाजूला आकडे येतात. उंची अकरा किलोमीटरच्या आसपास, बाहेरचे तापमान उणे चोपन्न. काचेच्या पलीकडे उणे चोपन्न आणि अलीकडे मी सुती साडीत!

आणि ती सकाळ संपेचना. आमच्या मालकांच्या एचएमटीत दुपारचे दोन वाजले तरी बाहेर ऊन कोवळेच. मुलाने समजावून सांगितले. आपण पश्चिमेला चाललो आहोत आणि सूर्यही पश्चिमेलाच चालला आहे. विषुववृत्तावर पृथ्वी तासाला सुमारे 1670 किलोमीटर फिरते, पण उत्तरेला जावे तसा हा वेग कमी होतो. लंडनच्या पट्ट्यात तो हजाराच्या थोडा वर. आपले विमान साडेआठशेने धावते, मग सूर्य आपल्याला पटकन मागे टाकू शकत नाही. मुंबईहून लंडन साधारण 7200 किलोमीटर, आणि सबंध अंतरभर सकाळच! आयुष्यभर सकाळ म्हणजे पाण्याचा नळ, डबे, पाळी गाठायची धावपळ. ती कधी पुरली नाही. आणि ही एक सकाळ दहा तास चालली, तर त्यात मला एकही काम नव्हते.

नाश्ता झाला. ताट गोळा करायला मुलगी येण्याआधीच मी आमची तीन ताटे एकावर एक रचली, चमचे एका पेल्यात उभे केले, कागद चुरगळून दुसऱ्यात कोंबले. सूनबाई मागून म्हणाली, "आई, राहू द्या, त्या घेतात." ती मुलगी हसली, पण एकावर एक ठेवलेली ताटे तिला पुन्हा सोडवावी लागली, कारण तिच्या ढकलगाडीत प्रत्येक ताट वेगळे सरकते. मदत म्हणून केले आणि तिचे काम वाढवले. मग मी गप बसले. बसून घेणे हेही शिकावे लागते, हे मला साठीनंतर कळले.

जेवणाची चव मात्र विचारू नका. अन्न वाईट नसते, आपली जीभच बोथट होते. आतली हवा फार कोरडी असते, आणि दाबही सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा ठेवलेला असतो. महाबळेश्वर साडेचार हजारांवर आहे, यावरून समजा. त्यामुळे मीठ आणि साखर कमी लागते. मी लसणाची कोरडी चटणी नेली होती. झाकण उघडल्यावर पुढच्या रांगेतल्या साहेबांनी मान वळवली. वळवू दे.

त्यानंतर आतले दिवे मंद केले. या विमानाच्या खिडकीला झडप नव्हती. खाली बटण होते. ते दाबले की काच हळूहळू निळी-काळी होते. भर उन्हात रात्र केली आणि सगळे झोपले. मला झोप येईना. मी आमच्या मालकांकडे पाहिले. ते उड्डाणापासून तसेच बसलेले, बूट घट्ट, हात पट्ट्यावर. पाण्याचा पेला भरलेलाच. मी म्हटले, "अहो, पाणी का पीत नाही?" बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "अगं, सारखं उठावं लागेल. त्या संडासाचं दार कसं उघडतात ते ठाऊक नाही. लोकांसमोर कशाला!"

माझ्या पोटात गोळा आला. वॉर्डात मी पाहिले आहे. माणूस फार वेळ हलला नाही की पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. विमानात प्रत्येकाला होते असे नाही, क्वचितच होते. पण वय झालेले, वजन जास्त असलेले, नुकतेच ऑपरेशन झालेले, गरोदर बाया, यांनी जपावे आणि निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्याही हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते, तेव्हा गोळी कोणत्या वेळेला घ्यायची तेही विचारून ठेवावे. पाणी मागायला संकोच करू नये. रिकामी बाटली तपासणीतून नेता येते आणि पलीकडे भरून घेता येते. भरलेली मात्र काढून घेतात.

मी त्यांचे बूट काढायला लावले. पावले सुजली होती, मोज्याची रेघ उमटली होती. बसल्या जागी टाचा वर, चवडे वर, असे वीस वेळा करून घेतले. मग संडासापर्यंत घेऊन गेले. दार मधोमध ढकलायचे, ते घडी होऊन आत जाते. आत कडी सरकवली की दिवा पूर्ण लागतो. एवढेच! या एवढ्यासाठी माणूस चार तास तहानलेला बसला होता. शरम कुठे कुठे आडवी येते बघा.

परत येताना गंमत झाली. आमचे मालक बेस्टमध्ये कंडक्टर होते. अरुंद वाट, दोन्हीकडे सीटा, विमान थोडे थरथरत होते. त्यांची पावले आपोआप फाकली, कंबर एका बाजूला टेकली, हात सीटांच्या डोक्यांवरून न धरता धरल्यासारखे सरकू लागले. लोक धरून धरून चालत होते आणि हे सरळ! नातीने पाहिले आणि ओरडली, "आबा, पुढे चला, पुढे चला!" ते हसले. त्या प्रवासात पहिल्यांदाच. त्यानंतर दर तासाला ते स्वतःच "फेरी मारून येतो" म्हणत उठायचे.

एका फेरीला मीही मागे गेले, जिथे ढकलगाड्या ठेवतात तिथे. वर्तमानपत्रात यांना हवाई सुंदरी म्हणतात, पण मला तर त्या वॉर्डातल्या मावशा दिसल्या. तेच उभे राहणे, पाय बदलणे, हाक आली की चेहऱ्यावर हसू आणणे. त्यातली एक मराठी निघाली. मी विचारले, "पाठ टेकायला मिळते का गं?" म्हणाली, "आळीपाळीने मिळते मावशी, वर झोपायची जागा आहे." मला बरे वाटले. आमच्या वेळी रात्रपाळीला तेवढीही नव्हती. तिने मला चहा दिला. मी तिच्याबरोबर उभ्यानेच प्याले.

जागेवर आले तर आबा नातीला गोष्ट सांगत होते. गोलमेज परिषदेला 1930 साली बाबासाहेब लंडनला गेले ते बोटीने, साधारण दोन आठवडे लागायचे. त्याआधी 1917 साली परत येताना त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीतून निघाली होती, ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. नातीने कार्टून बंद केले. "सगळी पुस्तकं गेली?" "त्या बोटीतली गेली." ती बराच वेळ खाली ढगांकडे बघत राहिली. किंग हेन्रीज रोडवरचे ते घर, जिथे बाबासाहेब 1921-22 साली राहिले आणि जे महाराष्ट्र सरकारने 2015 साली घेतले, ते पाहायला आपण जाणार का, हे तिने उतरेपर्यंत मला पाच वेळा विचारले.

येताना उलटे झाले. दुपारी निघालो, पूर्वेला तोंड, आणि वारा पाठीशी, म्हणून प्रवासही तासाभराने कमी. संध्याकाळ कधी आली आणि कधी गेली ते कळलेच नाही. मध्यरात्रीनंतर मुंबई आली. या वेळी आबांनी खिडकी मागून घेतली होती. घाटकोपर, मग कुर्ला, दाटीवाटीने पिवळे दिवे. चाके बाहेर पडल्याचा धाडकन आवाज झाला. "आपली चाळ दिसली का हो?" मी विचारले. "अंधार आहे," ते म्हणाले, "पण आता खाली सगळे बोलायचे थांबले असतील."