हवेचा हिशेब

ज्यांनी पद्मिनी चालवली त्यांना चोक म्हणजे काय ते सांगायला नको. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होणारी ती गाडी. सकाळी इंजिन थंड असलं की चोक ओढायचा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये हवा कमी, पेट्रोल जास्त. किती वेळ ओढून ठेवायचा ते आपला हात ठरवणार. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या आणि चोक हा शब्द आमच्या घरातून हद्दपार झाला.

पेट्रोल पुरतं जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. बीएला मराठी घेतलेल्या मला हे सत्तरी ओलांडल्यावर कळलं, तेही आमच्या भावजींच्या गाडीमुळे. १९८०च्या दशकातली ही जर्मन गाडी त्यांनी हौसेने, सेकंडहॅण्ड घेतलेली. ते गेल्यावर ती सांताक्रूझला सोसायटीच्या आवारात उभी राहिली. सुरू केली की धडधडायची आणि बंद पडायची. मुलं म्हणाली, भंगारात देऊ. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पण रोज सकाळी फडकं घेऊन खाली उतरायच्या.

शेवटी वाकोल्यात गॅरेज असलेला माझा एक जुना विद्यार्थी आला. (शुद्धलेखनात कच्चा, पण कान तिखट!) बॉनेट उघडून म्हणाला, "बाई, ही बॉशची केई-जेट्रॉनिक. हिला चोक नसतो." मग त्याने मला शिकवलं. आत एक गोल पत्रा असतो. इंजिनाने ओढलेली हवा तो पत्रा उचलते, पत्र्याचा दांडा एक दट्ट्या वर ढकलतो आणि त्या मापाने प्रत्येक सिलिंडरकडे पेट्रोल जातं, तेही अखंड. इथवर सगळं यांत्रिक, तराजूसारखं. इलेक्ट्रॉनिक्स त्यानंतर. इंजिन थंड आहे का, आणि काही गाड्यांत धुरामध्ये ऑक्सिजन किती उरला, हे बघून ते आतल्या पेट्रोलचा दाब किंचित कमीजास्त करतं. विजेचा हा भाग बंद पडला तरी तापलेलं इंजिन नुसत्या तराजूवर चालत राहतं. मला हे फारच आवडलं.

"मग बिघाड कुठे?"

"रबर फाटलंय, बाई."

पत्रा आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळीला चीर पडली होती. तिथून शिरणारी हवा पत्र्याला न उचलताच आत जायची. हवा जास्त, पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेपुरतंच! इलेक्ट्रॉनिक्सने सांभाळून घ्यावं, तर त्यालाही मर्यादा.

नळी मिळायला तीन आठवडे लागले. पुढच्या रविवारी जुहूपर्यंत जाऊन आलो. जाऊबाई पुढे बसल्या होत्या, फडकं मांडीवर.