उर्समध्ये हरवली, तेव्हा कळलं

परभणीचा उर्स चांदाच्या हिशेबाने येत नाही. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, पण हजरत तुराबुल हक यांचा उर्स २ फेब्रुवारीला म्हणजे २ फेब्रुवारीला. लहानपणापासून आम्हाला ही तारीख शाळेच्या परीक्षेपेक्षा जास्त पाठ. आम्ही मानवतचे. थंडी ओसरायला लागली की पोरं एसटीची वाट धरायला तयार, आणि दर्गा रोडला उतरलं की समोर पाळणे, खेळण्यांची दुकानं, मौत का कुआँ, आणि तो तव्याएवढा नव्हे तर परातीएवढा पराठा, त्यावर लाल-केशरी हलवा. मेळा १५ तारखेपर्यंत चालतो. हिंदू-मुसलमान सगळेच येतात; खेड्यातून आलेल्या नऊवारीतल्या आज्या आणि बुरख्यातल्या आमच्या खाला एकाच चटईवर बसून एकमेकींच्या डब्यातलं खाताना आम्ही कितीदा पाहिलं आहे.

दर्ग्याबद्दल आपल्या घराघरांत मतं वेगवेगळी आहेत, आमच्याही घरात आहेत. आमचे एक चाचा उर्सला पाऊल टाकत नाहीत. हलवा-पराठा मात्र घरी आणलेला चालतो. त्या वादात आम्हाला इथे पडायचं नाही. सांगायचं आहे ते आमच्या धाकटीबद्दल.

२०२४ च्या उर्सला ती सहा वर्षांची होत आली होती. बोलणं कमीच. ‘अम्मी’, ‘पानी’, ‘दे’, आणि अशी दहा-वीस मोडकी अक्षरं. दादी म्हणायची, “इसका बाप भी पाँच साल में बोला, कायकु फिकर करते?” शाळेतून निरोप यायचा की मुलगी लक्ष देत नाही. आम्हालाही वाटायचं, हट्टी आहे, आपल्याच धुंदीत असते. दार आपटलं की दचकायची, भांडं पडलं की वळून बघायची. म्हणजे कान ठीकच आहेत, असा आमचा हिशेब.

त्या संध्याकाळी थोरली, मधला आणि ती, अशी तीन मुलं आमच्याबरोबर होती. मधल्याला पाळण्यात बसायचं होतं. तिकिटाचे सुटे पैसे काढण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात धाकटीचा हात सुटला.

गर्दीत ज्यांचं लेकरू कधी हरवलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आमच्यापैकी एकजण पाळण्याकडे धावला, दुसरी दर्ग्याच्या दाराकडे. थोरली रडत मधल्याला घट्ट धरून उभी. कुणीतरी माईकवर सांगा म्हणालं. सांगितलं. तिचं नाव, गुलाबी फ्रॉक, पायात पैंजण. भोंग्यातून नाव घुमत राहिलं, एकदा, दोनदा, दहादा. पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात आम्ही दोघं एकमेकांना जे बोललो ते अजूनही आठवलं की मान खाली जाते.

ती सापडली भोंग्याच्या खांबाखाली. खरंच खांबाखाली. बांगड्यांच्या एका दुकानामागे मातीत बसून फुटक्या काचा रंगवार लावत होती. डोक्यावर तिचंच नाव ओरडलं जात होतं.

दुकानवाली बाई गंगाखेडकडची होती. तिने लेकरू आमच्या कडेवर दिलं आणि जरा घुटमळून म्हणाली, “भाभी, रागावू नका. लेकराला ऐकू येतंय का ओ? म्या पाठीमागून दोनदा हाक मारली, वळलंच न्हाई. म्होरं येऊन बसले तर गोड हसलं.”

आम्ही रागावलोच. मनात. तिला धड शुक्रियाही न म्हणता निघालो. एसटीत मात्र कुणी काही बोललं नाही, आणि मानवत आल्यावर घराचं कुलूप उघडायच्या आधी आम्ही तिच्या मागे उभं राहून हलक्या आवाजात हाक मारली. पुन्हा मारली. ती कुलपाकडेच बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवलं. तिथून तपासण्या. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मध्यम ते तीव्र. डॉक्टरांनी साध्या भाषेत समजावलं: भांड्याचा आवाज येतो, बोलणं येत नाही. म्हणजे आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. भोंग्याखाली बसलेल्या आमच्या पोरीला गोंगाट ऐकू येत असणार, त्यात आपलं नाव आहे हे कळत नव्हतं. जे मूल शब्दच ऐकत नाही ते बोलणार कसं? दादीचा तो ‘बाप भी पाँच साल में बोला’ तिथेच संपला.

मग त्यांनी विचारलं, अंगणवाडीत तपासणी झाली नव्हती का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची योजना २०१३ पासून आहे. डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतं, डोळे, कान, हृदय, वाढ सगळं. पथक आलं होतं. त्या दिवशी आम्हीच तिला घरी ठेवलं होतं, कारण गल्लीत कुणीतरी सांगितलं की सुया टोचतील. एकदा नव्हे, दोनदा ठेवलं. यात दुसऱ्या कुणाचा दोष काढायला जागा नाही.

उशिराची किंमत काय असते तेही तिथेच कळलं. आमच्या शेजारच्या बाकावर जिंतूर तालुक्यातलं एक जोडपं होतं. त्यांच्या मुलाला अजिबात ऐकू येत नव्हतं. अशा मुलांना कानाच्या आत बसवायचं यंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट, लागतं. त्याचा खर्च लाखांत. केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत ते मोफत बसवता येतं, पण जन्मतः बहिऱ्या मुलासाठी वयाची अट पाच वर्षांची. त्यांचा मुलगा साडेचारचा होता. ते लगबगीने कागद गोळा करत होते. आमच्या मुलीचं कानामागच्या यंत्रावर भागणार होतं, नाहीतर आमची वेळ कधीच निघून गेली होती.

मग डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला: “लग्न नात्यातलं का?”

हो. आम्ही सख्ख्या खालाजाद भावंडांत लग्न केलेलं. आमच्या आई-वडिलांचंही नात्यातलंच. या विषयावर आपल्या मासिकांत फारसं लिहिलं जात नाही, आणि लिहिलं तर मुसलमानांनाच टोचल्यासारखं वाटतं. पण मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची पद्धत हिंदूंतही आहे; आजाराच्या जनुकांना धर्म कळत नाही. डॉक्टरांनी घाबरवलं नाही. नात्यात लग्न झालेल्या बहुतेक जोडप्यांची मुलं ठणठणीत असतात, असंच ते म्हणाले. पण धोका वाढतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाची बरीच कुटुंबं राहतात. तिथे हजारो बाळांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. जन्मजात दोषांचं प्रमाण साधारण शंभरात तीन असतं, सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या मुलांत ते सहाच्या आसपास निघालं. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णवांना काही होत नाही. पण दरवेळी तीच घराणी, पिढ्यान्‌पिढ्या तेच नातं, तर तो आकडा आपल्याच अंगणात येऊन उभा राहतो.

शरियतने असं लग्न जायज ठेवलं आहे. फर्ज केलेलं नाही. हा फरक आमच्या घरात मांडायला आम्हाला एक वर्ष लागलं. कारण थोरली चौदाची आहे, आणि तिच्या नावाची सुपारी दादीच्या मनात फुप्फीच्या मुलासाठी ती जन्मल्या दिवशीच फुटली होती. या विषयावर बोलणं झालं तेव्हा फुप्फी चार महिने घरी आली नाही. “हमारा खून खराब है क्या?” हा तिचा प्रश्न होता. आम्ही म्हटलं, खून तुझा-आमचा एकच आहे, तीच तर अडचण आहे. आता येते. रिश्त्याचं नाव काढत नाही. दादी काढते, पण पूर्वीच्या जोराने नाही.

कानाच्या यंत्रांसाठी आधी एका खाजगी दुकानात विचारलं. दोन्ही कानांचे मिळून सांगितलेले पैसे ऐकून आम्ही त्यांचा चहा न पिताच उठलो. मग मुंबईची संस्था कळली. वांद्र्याला, रेक्लमेशनजवळ, १९८३ साली सुरू झालेली, अली यावर जंग यांच्या नावाची. दादीला हे नाव आमच्या आधी माहीत होतं! अली यावर जंग म्हणजे उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. परभणी निजामाच्या राज्यात होती त्या काळातली माणसं उस्मानियाचं नाव कसं घेतात ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना कळेल. दादी म्हणाली, “जाओ. अपने इधर का नाम है.” त्या आधाराने देवगिरी एक्सप्रेसची तिकिटं काढली.

कागद मात्र तयार ठेवा. आधार, जन्माचा दाखला, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, फोटो. उत्पन्न मर्यादेत असलं तर यंत्रं अ‍ॅडिपमधून मिळतात. आमची एक खेप नुसती उत्पन्नाच्या दाखल्यापायी वाया गेली. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड जिल्ह्यातच निघतं, ऑनलाइन अर्ज करून ठरलेल्या दिवशी जायचं. पुष्कळ आई-बाप हे कार्ड काढत नाहीत, विशेषतः मुलगी असली तर. उद्या तिच्या लग्नाच्या वेळी कागद आड येईल म्हणतात. आमच्याही घरात हे बोललं गेलं. पण त्या कार्डावर एसटीचं भाडं कमी होतं, शाळेत विशेष शिक्षकाची मदत मागता येते, समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये भत्ता मिळतो. रक्कम लहान आहे. यंत्राच्या बॅटऱ्या निघतात.

यंत्रं बसवली त्या दिवशी आम्हाला वाटलं होतं ती आमच्याकडे बघेल. आम्ही तिचं नाव तोंडात तयार ठेवलं होतं. ताईंनी बटण सुरू केलं आणि पोरीने वर बघितलं, छताच्या पंख्याकडे. इतक्या वर्षांत पंखा वाजतो हे तिला माहीतच नव्हतं. बराच वेळ ती पंख्याकडेच बघत राहिली. आमचा नंबर नंतर लागला.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे कठीण गेले. कुकरची शिट्टी झाली की यंत्र काढून फेकायची. कान वाढतो तसा कानातला साचा बदलावा लागतो, घाम आणि पावसापासून जपावं लागतं, आणि नुसत्या यंत्राने बोलणं येत नाही, रोज समोर बसून बोलावं लागतं. मदरशातल्या उस्तानींनी तिला पुढच्या रांगेत, आपल्या तोंडासमोर बसवायला सुरुवात केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आम्हाला सूरह अबसची आठवण दिली, अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम यांच्यावरून उतरलेली. पुढे हेच सहाबी मदिनेत अजान देत असत.

२०२५ च्या उर्सला जायचं की नाही यावर घरात दोन तट पडले. शेवटी गेलो, पण गर्दीच्या संध्याकाळी नाही, मधल्या वारी दुपारी. तिच्या मनगटावर कापडी पट्टी शिवली, त्यावर फोन नंबर आणि एक ओळ: मला कमी ऐकू येतं. सगळ्या मुलांचा त्याच दिवशी एकत्र फोटो काढून ठेवला, कारण हरवलं तर कपड्याचा रंगसुद्धा आई-बापाला आठवत नाही. लहान मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर थोरलीकडून पाठ करून घेतला. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि आता देशभर आहे. मेळे भरवणाऱ्या सगळ्यांना आमची एक विनंती आहे. माईकवर नाव घेताय, घ्या, पण हरवलेल्या मुलाचा फोटो बंदोबस्तातल्या पोलिसांच्या आणि दुकानदारांच्या फोनवरही पाठवा. सगळीच मुलं हाकेला ओ देणारी नसतात.

बांगड्यांचं दुकान शोधलं. जागा तीच, माणसं दुसरी होती. गंगाखेडच्या बाईबद्दल विचारलं, त्यांना काही ठाऊक नव्हतं. ज्या शुक्रियासाठी वर्षभर थांबलो होतो तो तसाच राहिला. धाकटीने हिरव्या बांगड्या घेतल्या, स्वतः मागून, “ये नक्को, वो वाली,” असं म्हणून.

मौत का कुआँजवळ आल्यावर मोटारसायकलींचा आवाज सुरू झाला. तिने दोन्ही यंत्रं काढली, डबीत ठेवली, डबी आमच्या हातात दिली आणि शांतपणे जिना चढून वर खेळ बघायला गेली. आम्ही कानांवर हात ठेवून तिच्या मागे गेलो.