माशीचे बारसे

वाचकहो, आमच्या नांदूरघाटाला समुद्र नाही. पाणी बघायचे ते विहिरीत वाकून. म्हणून लेकीकडे रत्नागिरीला गेलो की मी रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन बसतो. मागच्या खेपेला जावईबापू बरोबर होते. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवर हिरवे शेवाळ होते आणि त्यावर तिळाएवढ्या माश्या. जावईबापू गुडघे टेकून त्या काचेच्या नळीत धरू लागले.

मी म्हणालो, "माश्याच पाहिजेत तर आमच्या गोठ्यात या. पोतंभर देतो."

ते हसले. "मामा, या गोठ्यातल्या नव्हेत. यांतल्या एखादीला अजून नावही मिळालेलं नसेल."

संध्याकाळी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितले. बापरे! तिळाएवढ्या जिवाच्या अंगावर केस, पंखांत शिरा, पायांवर काटे. नवी जात ठरवायची तर हे सारे मोजावे लागते. नराच्या शेपटाकडचा भाग कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करून, ग्लिसरिनात ठेवून त्याचे चित्र काढतात. कारण वरून सारख्या दिसणाऱ्या दोन माश्या पुष्कळदा तिथेच वेगळ्या निघतात. मग जगभर आधी नोंदलेल्या जातींशी ताडून बघायचे. कुणाशीच जुळली नाही, तर तिचे वर्णन छापायचे आणि दोन शब्दांचे नाव ठेवायचे. एक माशी मूळ नमुना म्हणून संग्रहालयात जपायची. तिच्याखाली चिठ्ठी: कुठे, कधी, कुणी धरली. आपल्या घरमाशीचे असे बारसे लिनियस नावाच्या स्वीडिश पंडिताने १७५८ साली केले. एकाच जातीला दोघांनी नावे दिली, तर सहसा आधी छापलेले नाव खरे धरतात.

"एवढा खटाटोप कशाला? ही माशी कुणाचं काय खाते?" मी विचारले.

"ही शेवाळावर जगते. पण हिच्याच गणगोतातली एक भाताचा पोंगा कुरतडते. दुसरीच्या अळ्या कॅलिफोर्नियात जमिनीतून झिरपणाऱ्या कच्च्या तेलाच्या डबक्यात जगतात. कुळ एक, पण प्रत्येकीचा संसार निराळा."

पोंगा म्हटला आणि माझ्या काळजात चर्र झाले. वाचकहो, त्याचे कारण सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात आमचे बैल गेले. १९७४ च्या खरिपाला वडिलांनी संकरित ज्वारीचे बी आणले. पण शेजाऱ्याचे बैल मोकळे होईपर्यंत थांबावे लागले आणि पेरणी तीन आठवडे मागे पडली. रोपे वितभर झाली आणि मधले पोंगे वाळू लागले. ओढला की पोंगा अलगद हातात येई, बुडाशी कुजका वास. बाजारात एकाने सांगितले, "माशी पडलीय. ही भुकटी मारा, कुठल्याही किडीला चालते." आईची बोरमाळ गहाण पडली, भुकटी आली. वडिलांनी फडक्यातून ती सारे रान धुरळली. पण अळी होती पोंग्याच्या आत! वरची पाने पांढरी झाली, अळीला कळलेही नाही. दोन एकर मोडले. बोरमाळ परत आली नाही. वडील पुढे कित्येक वर्षे म्हणत, "औषधच खोटं होतं."

औषध कसे होते ते मला ठाऊक नाही. एवढे खरे, की ज्या माशीशी आपण भांडत होतो तिची आपल्याला ओळख नव्हती. ती खोडमाशी. तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅथेरिगोना सोकॅटा. रोंदानी या इटालियन कीटकतज्ज्ञाने १८७१ साली तिचे वर्णन केले. पुढेही बरीच वर्षे आपल्याकडच्या लिखाणात ती दुसऱ्याच नावाने वावरत होती. बाजरीवर तिची बहीण निराळी, सडक्या फळभाजीवर वाढणारी आणखी निराळी. वरून सगळ्या करड्या, सारख्याच. माशीची नेमकी जात ठरली, की ती अंडे कुठे घालते, किती दिवसांचे रोप धरते, हे शोधता येते आणि एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी येतो. खोडमाशी पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरे अंडे घालते. अळी पोंग्यात उतरून वाढीचा कोंब कापते. रोप महिन्याचे झाले की धोका बराच ओसरतो. म्हणून तर सांगतात: खरिपाची ज्वारी पहिल्या चांगल्या पावसावर, सगळ्या शिवाराने बरोबरच पेरा, बी थोडे जास्त टाका आणि विरळणी करताना पोंगा वाळलेली रोपे उपटून नष्ट करा. यात औषधापेक्षा वेळेचे मोल मोठे. आमचे सारे चुकले ते त्या तीन आठवड्यांत.

हे वडिलांना सांगायला मी उशीर केला. ते आता नाहीत. आई आहे, नव्वदीला टेकलेली. रत्नागिरीहून परतल्यावर तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ गळा चाचपत बसली. मग म्हणाली, "म्हणजे माळ भुकटीपायी नाही, बैलापायी गेली म्हण की."

तेव्हा वाचकहो, कुणी किनाऱ्यावर गुडघे टेकून माश्या धरताना दिसला तर माझ्यासारखे हसू नका. आणि तुमच्या रानात पोंगा वाळला, तर दुकानात धावण्याआधी तो उपटून, चिरून आत कोण आहे ते बघा.